उवा, फणी आणि नववा दिवस

जूनमध्ये शाळा उघडल्या की सर्दी-तापाच्या पत्रांपाठोपाठ या सदराकडे हमखास येणारा विषय म्हणजे मुलांच्या डोक्यातील उवा. या अंकासाठी त्यांपैकी सहा पत्रे निवडली आहेत. मी स्वतः २२ वर्षे शाळेत परिचारिका म्हणून काम केले असल्यामुळे उत्तरांत अधूनमधून तो अनुभव डोकावेल. औषधाचा निर्णय मात्र प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी तिसरीत आहे. शाळेच्या सिस्टरांनी दुपारी फोन करून तिच्या डोक्यात उवा असल्याचे सांगितले, पण तिला घरी पाठवले नाही. शाळा सुटेपर्यंत ती वर्गातच होती. इतर पालकांचे म्हणणे असे की तिला लगेच वेगळे बसवायला हवे होते. आम्ही तिचे केस आठवड्यातून तीनदा धुतो, त्यामुळे मला हे सारे फार लाजिरवाणे वाटले. सिस्टरांचे वागणे बरोबर होते का? — एक आई, पुणे

उत्तर : बरोबर होते, आणि ही गोष्ट त्यांनी चारचौघांच्या कानावर न घालता फक्त तुम्हाला सांगितली, हे तर फारच बरोबर होते. पहिल्यांदाच उवा झालेल्या मुलाला खाज सुटायला ४ ते ६ आठवडेही लागू शकतात, कारण ही खाज म्हणजे उवेच्या लाळेची शरीराला येणारी ॲलर्जी असते आणि ती तयार व्हायला वेळ लागतो. म्हणजे सिस्टरांना ऊ दिसली त्या दिवसापर्यंत तुमची मुलगी बहुधा महिनाभर त्याच बाकावर, त्याच मैत्रिणींना खेटून बसत होती. तिला दुपारी घरी धाडून शाळेच्या उरलेल्या दोन-तीन तासांत कोणाचे रक्षण झाले असते, हे त्या पालकांना एकदा विचारून पाहावे. तिच्यावर त्याच संध्याकाळी उपचार सुरू होणे महत्त्वाचे होते, आणि त्यासाठी फोन पुरेसा होता.

केस धुण्याचा आणि उवा होण्याचा संबंध नाही. उवेला स्वच्छ आणि अस्वच्छ डोके सारखेच. तिला हवे असते टाळूचे रक्त आणि टाळूची ऊब. ती उडत नाही आणि उडीही मारत नाही. पायांच्या आकड्यांनी केस धरून ती चालते, आणि दोन डोकी एकमेकांना टेकली की एका केसावरून दुसऱ्या केसावर जाते. तिसरीतल्या मुली एका पुस्तकात डोकी खुपसून बसतात, एकमेकींच्या वेण्या घालतात, गुपिते सांगतात; मुलांपेक्षा मुलींमध्ये उवा जास्त आढळतात त्याचे कारण बरेचसे या जवळिकीत आहे. शिवाय डोक्यातील ऊ कोणताही रोग पसरवत नाही. टायफससारखा रोग पसरवते ती अंगावरच्या कपड्यांत राहणारी ऊ, आणि तिचा शाळेच्या बाकाशी काही संबंध नाही.

या बाबतीत मी स्वतः चुकलेली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका वर्गाला व्हरांड्यात रांगेने उभे करून डोकी तपासली आणि ज्यांच्या डोक्यात उवा दिसल्या त्या चार मुलींना बाजूला उभे केले. तपासणी दहा मिनिटांत उरकली. त्या चौघींपैकी एकीला मात्र पुढे सातवीपर्यंत वर्गातल्या मुलांनी पाडलेले नाव ऐकून घ्यावे लागले. रांग लावून तपासणे मी त्यानंतर बंद केले.

प्रश्न : मी एका खासगी शाळेत नुकतीच परिचारिका म्हणून रुजू झाले आहे. तपासणी नेमकी कशी करावी? कोंडा आणि लिखा यांत माझी गफलत होते. उवा सापडल्यावर शाळेतच औषध लावावे का, आणि वर्गातील सर्व पालकांना चिठ्ठी पाठवावी का? — एक परिचारिका, नागपूर

उत्तर : निदानाचा एकच निकष मनाशी पक्का करा : जिवंत, हलणारी ऊ. पूर्ण वाढलेली ऊ तिळाएवढी असते, पण उजेड पडला की ती चटकन केसांत सरकते, त्यामुळे नुसते केस बाजूला करून पाहिले तर ती बरेचदा हुकते. फणी चुकत नाही. मुलीला आरोग्य कक्षात एकटीला बोलवा, खिडकीजवळ बसवा, केस ओले करा किंवा त्यांना कंडिशनर लावा, आणि बारीक दातांची फणी टाळूला टेकवून केसांच्या टोकापर्यंत ओढा. प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या कागदावर किंवा रुमालावर पुसून पाहा. कानांमागचा भाग आणि मानेवरची केसांची कड येथून सुरुवात करा, कारण उवांचा मुक्काम तेथे अधिक असतो. आपल्याकडच्या बहुतेक मुली डोक्याला तेल चोपडून येतात. त्यावर नाराज होऊ नका, तेलकट केसांतून फणी उलट सुरळीत चालते.

कोंडा आणि लीख यांतला फरक बोटानेच कळतो. कोंडा फुंकरीने किंवा टिचकीने उडतो. लीख म्हणजे उवेचे अंडे, आणि ते मादीने केसाला एका बाजूने अक्षरशः डिंकासारख्या द्रावाने चिकटवलेले असते, त्यामुळे ते ओढले तरी जागचे हलत नाही. ते टाळूपासून किती अंतरावर आहे तेही पाहा. मादी अंडी घालते ती टाळूच्या अगदी लगत, साधारण ६ मिलिमीटरच्या आत, कारण त्यांना उबेची गरज असते. केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो. म्हणून टाळूपासून एक सेंटिमीटरहून दूर गेलेली लीख बहुधा रिकामे टरफल किंवा मेलेले अंडे असते. नुसत्या अशा लिखा दिसल्या आणि ऊ एकही सापडली नाही, तर औषध लावण्याचे कारण नाही. आठवड्याने पुन्हा फणी फिरवून पाहा.

शाळेत औषध लावू नका. पालकांची संमती, मुलाचे वय, वजन, टाळूवरील जखमा, आधीच्या ॲलर्जी या सगळ्या गोष्टी पाहूनच औषध ठरते आणि ते काम घरच्यांचे व डॉक्टरांचे आहे. आपले काम पालकांना फोन करणे, वापराची रीत सोप्या शब्दांत समजावणे आणि तारीख लक्षात ठेवणे. हे शेवटचे काम सर्वांत दुर्लक्षित आहे. सर्वसाधारणपणे वापरले जाणारे १ टक्का परमेथ्रिनचे औषध उवा मारते, पण सगळी अंडी मारत नाही. अंडी ६ ते ९ दिवसांत फुटतात आणि त्यांतून निघालेली पिल्ले आणखी आठवड्याभराने स्वतः अंडी घालण्याजोगी होतात. म्हणून औषध लावल्याचा दिवस पहिला धरून नवव्या दिवसाच्या सुमारास ते दुसऱ्यांदा लावायचे असते : तोवर अंडी फुटलेली असतात आणि नवी घातली गेलेली नसतात. घरोघरी होते असे की पहिल्या वेळेनंतर खाज कमी होते, बाटली कपाटात जाते, आणि महिन्याभराने पालक म्हणतात की शाळेतून पुन्हा उवा आल्या. निम्म्या वेळा त्या शाळेतून आलेल्या नसतात, त्या घरातल्याच असतात. मी माझ्या वहीत नावापुढे दोनच रकाने ठेवत असे, पहिला दिवस आणि नववा दिवस, आणि दुसऱ्या रकान्यातल्या तारखेच्या आदल्या दिवशी घरी फोन करत असे. माझ्या सगळ्या कामात या फोनाइतका उपयोग कशाचाच झाला नाही.

वर्गभर चिठ्ठी पाठवण्याविषयी मतभेद आहेत. एका मुलीसाठी चिठ्ठी काढली की ती मुलगी कोण, हे संध्याकाळपर्यंत रिक्षावाल्या काकांनाही कळते. त्यापेक्षा सत्राच्या सुरुवातीला आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेतील सर्व पालकांना एकच माहितीपत्रक द्यावे आणि आठवड्यातून एकदा घरी फणी फिरवण्यास सांगावे. एकाच वर्गात अनेक मुलांना उवा झाल्या तर मुख्याध्यापकांशी बोलून, कोणाचेही नाव न घेता वर्गाला कळवायला हरकत नाही. ज्या फणीने तपासाल ती ५४ अंशांहून अधिक गरम पाण्यात ५ ते १० मिनिटे बुडवून ठेवा, मगच पुढच्या मुलीसाठी वापरा.

प्रश्न : आमच्या गावी सीताफळाच्या बिया वाटून डोक्याला लावत, कोणी रॉकेल लावत. उवा दोन दिवसांत जात. आताच्या महागड्या शाम्पूंपेक्षा हे काय वाईट? — एक आजी, सातारा जिल्हा

उत्तर : आजी, सीताफळाच्या बियांनी उवा मरतात हे खरे, पण तीच भुकटी डोळ्यात गेली तर बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला गंभीर इजा होते. असे रुग्ण आपल्याकडच्या नेत्रतज्ज्ञांना वारंवार पाहावे लागतात. डोके धुताना भुकटीचे पाणी कपाळावरून डोळ्यांत उतरते, आणि लहान मूल डोळे घट्ट मिटून बसेल याचा भरवसा नसतो. चुकून तसे झालेच तर डोळा लगेच स्वच्छ वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे तरी धुवावा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

रॉकेलाबद्दल तर बोलायलाच नको. डोक्याला रॉकेल लावून चुलीशी बसलेल्या मुलींच्या भाजण्याच्या घटना या देशाला नव्या नाहीत. शेतातील फवारणीचे औषध टाळूतून अंगात भिनते आणि जीव घेऊ शकते, म्हणून ते कधीही, थेंबभरसुद्धा, वापरू नये. तुमच्या पिढीची एक गोष्ट मात्र मी जशीच्या तशी स्वीकारते : दुपारची जेवणे आटोपली की नातीला पुढ्यात बसवून शिंगाच्या किंवा लाकडाच्या फणीने तिचे डोके विंचरणे. इंग्लंडमध्ये ज्या ओल्या विंचरणीची शिफारस केली जाते ती याहून फार वेगळी नाही. तिथे फक्त तिचे दिवस ठरवून दिले आहेत, पहिला, पाचवा, नववा आणि तेरावा.

प्रश्न : मी आश्रमशाळेत स्त्री अधीक्षिका आहे. वसतिगृहात १४० मुली एकाच मोठ्या खोलीत जवळजवळ झोपतात. परिचारिका नाही, उपकेंद्राच्या सिस्टर येऊन जातात. निम्म्याहून अधिक मुलींच्या डोक्यात उवा आहेत, काहींच्या मानेवर फोड आले आहेत. सर्वांचे केस बारीक कापावेत, असे काही कर्मचारी सुचवतात. काय करावे? — एक अधीक्षिका, नंदुरबार जिल्हा

उत्तर : केस कापू नका. उवा टाळूलगत राहतात, त्यामुळे केस बारीक केले तरी त्या जात नाहीत. त्या जायला पूर्ण मुंडण करावे लागते, आणि शिक्षा वाटेल असे काहीही मुलीवर लादण्याचा अधिकार आपल्याला नाही. आईवडिलांपासून दूर राहणाऱ्या मुलीजवळ स्वतःचे म्हणावे असे जे थोडे असते, त्यात तिचे केस असतात.

वसतिगृहातील अडचण औषधापेक्षा दिवसांची आहे. आज दहा मुलींवर उपचार केले आणि पुढच्या आठवड्यात आणखी वीस जणींवर, तर पहिल्या दहा जणींना शेजारच्या अंथरुणावरून पुन्हा उवा मिळतात. म्हणून आधी दोन-तीन दिवसांत सर्व मुलींची तपासणी पूर्ण करा. तिच्यासाठी आठवी-नववीच्या मोठ्या मुलींची मदत घ्या, त्या हे काम आपल्यापेक्षा सफाईने करतात. मग जिच्या डोक्यात जिवंत ऊ सापडली त्या प्रत्येकीवर आणि तिच्या अंथरुणाच्या दोन्ही बाजूंना झोपणाऱ्या मुलींवर एकाच दिवशी उपचार करा. स्वयंपाकी, कामाठी आणि आपण स्वतः यांची डोकीही त्याच वेळी तपासा. हे वाक्य लिहिताना मला संकोच वाटत नाही, आपणही मानू नका. पहिला दिवस शनिवारी धरलात तर सकाळची शाळा सुटल्यावर अर्धा दिवस हाताशी असतो, आणि नववा दिवस बरोबर पुढच्या आठवड्याच्या रविवारी येतो. औषध न मिळाल्यास नुसत्या विंचरणीवर भागवायचे असेल, तर याच हिशेबाने शनिवार, बुधवार, रविवार आणि त्यानंतरचा गुरुवार असे चार दिवस भिंतीवर लिहून ठेवा.

कोणते औषध वापरायचे हे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना ठरवू द्या. एवढ्या मुलींच्या डोक्यांना लोशन लावणे आणि धुणे हे पाणी, वेळ आणि पैसा या तिन्ही दृष्टींनी जड जाते, हे त्यांना मोकळेपणाने सांगा. अशा ठिकाणी आयव्हरमेक्टिनच्या गोळ्यांचा पर्याय डॉक्टर विचारात घेऊ शकतात. त्या वजनावरून दिल्या जातात, १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना देत नाहीत, आणि त्यांचीही मात्रा सात ते दहा दिवसांनी पुन्हा द्यावी लागते. मुलींच्या वजनांची ताजी यादी सोबत नेलीत तर डॉक्टरांचे आणि आपले अर्धे काम होईल.

मानेवर फोड, पू, कानामागे किंवा मानेला गाठी आणि ताप अशा मुलींना उपचाराच्या शनिवारपर्यंत थांबवू नका. खाजवून झालेल्या जखमांत जंतुसंसर्ग झालेला असतो आणि त्याचे औषध वेगळे असते. ज्यांच्या डोक्यात फार दिवसांपासून फार उवा आहेत अशा मुलींचे हिमोग्लोबिनही तपासून घ्यावे, कारण दीर्घकाळ मोठ्या प्रमाणावर उवा असलेल्या मुलांमध्ये रक्तक्षय आढळल्याच्या नोंदी आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे फिरते पथक आपल्याकडे येत असेल. २०१३ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमाच्या पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतात आणि ते शाळांना वर्षातून किमान एकदा भेट देतात. त्या भेटीची वाट न पाहता या मुलींची यादी आधीच तयार ठेवा.

अंथरुणांच्या बाबतीत घाबरून जाऊ नका. डोक्यापासून सुटलेली ऊ रक्त न मिळाल्याने एक-दोन दिवसांत मरते. म्हणून ब्लँकेटे जाळणे, खोलीत कीटकनाशक फवारणे हे सारे अनावश्यक, आणि फवारणी तर धोक्याची आहे. उशांचे अभ्रे आणि ओढण्या शनिवारी गरम पाण्यात धुवा, जड ब्लँकेटे उन्हात टाका आणि दोन दिवस वापरू नका. प्रत्येकीची स्वतंत्र फणी असावी. निधीतून काही घ्यायचेच असेल तर आधी फण्या घ्या. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी संपवून मुली परत येतात त्या आठवड्यात पुन्हा तपासणी ठेवा.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलाच्या शाळेतील परिचारिका उवा सापडूनही मुलांना वर्गात बसू देते. शिवाय दुकानातून आणलेल्या परमेथ्रिनने दोनदा उपचार करूनही फरक पडला नाही. — एक वडील

उत्तर : तुमच्या परिचारिकेचे वागणे तिच्या देशातील जाणकारांच्या भूमिकेला धरूनच आहे. अमेरिकेत पूर्वी अनेक शाळा डोक्यात एक लीख असेपर्यंत मुलाला परत घेत नसत. बालरोगतज्ज्ञांची अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्स, शालेय परिचारिकांची राष्ट्रीय संघटना आणि सीडीसी ही सरकारी संस्था या तिघांनीही अशा नियमांना विरोध केला आहे. मुलाने दिवस पूर्ण करावा, घरी जाऊन उपचार सुरू करावा आणि पुन्हा वर्गात यावे, असे त्यांचे सांगणे आहे. स्थानिक नियम मात्र ठिकठिकाणी वेगळे असू शकतात, ते शाळेकडून लेखी मागून घ्या.

परमेथ्रिनला दाद न देणाऱ्या उवा अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर आढळतात. पण औषधाला दोष देण्याआधी तीन गोष्टी तपासा : केसांना आधी कंडिशनर लावला होता का, औषध पूर्ण १० मिनिटे ठेवले होते का, आणि दुसरी वेळ नवव्या दिवशी आली होती की दुसऱ्याच दिवशी. हे सारे ठीक असेल तर तेच औषध तिसऱ्यांदा लावू नका. तेथे ०.५ टक्के आयव्हरमेक्टिनचे लोशन २०२० पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू शकते आणि ते सहा महिन्यांवरील मुलांसाठी आहे. मुलाच्या डॉक्टरांशी बोलून ते किंवा दुसरे औषध निवडा, आणि घरातील सर्वांची डोकी एकाच संध्याकाळी विंचरून पाहा.

प्रश्न : माझ्या मुलीवर दोनदा उपचार झाले, ऊ एकही नाही, पण केसांत लिखांची टरफले दिसतात म्हणून शाळेने तिला आठ दिवस घरी ठेवण्यास सांगितले आहे. ती पाचवीत आहे आणि तिची घटक चाचणी बुडते आहे. — एक आई, कोल्हापूर

उत्तर : उद्या सकाळी केस ओले करून, उजेडात बसून, सबंध डोक्यावरून दोनदा फणी फिरवा. पांढऱ्या रुमालावर हलणारे काही आले नाही, तर नजीकच्या डॉक्टरांकडून ‘जिवंत उवा नाहीत, शाळेत जाण्यास हरकत नाही’ एवढ्या दोन ओळी लिहून घ्या आणि मुख्याध्यापकांना प्रत्यक्ष भेटा. त्यांना रागाने बोलू नका. टरफले म्हणजे उवा नव्हेत, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. टाळूपासून दूर असलेली टरफले केस वाढून कापले जाईपर्यंत तशीच राहतात, त्यामुळे ती जाण्याची वाट पाहायची म्हटले तर आठ दिवस नव्हे, कित्येक महिने थांबावे लागेल, हे त्यांना मुलीचा एक केस हातात धरून दाखवा. आणि मुलगी शाळेत गेल्यावर तिला मधल्या बाकावर, नेहमीच्या मैत्रिणींसोबतच बसवायला सांगा.